बिब्बा, परीट आणि बेड नंबर सात

गेल्या वर्षी आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन महिने ती पुण्यातल्याच एका शुश्रूषा केंद्रात होती. तिथे जाताना तिनं एकच हट्ट धरला होता, तो म्हणजे आजीनं शिवलेली गोधडी बरोबर हवी. केंद्राच्या ब्लँकेटना औषधाचा वास येतो, असं तिचं म्हणणं. मी गोधडी दिली. दोन महिन्यांनी आई घरी आली तेव्हा गोधडीच्या एका कोपऱ्यात, आजीच्या फिकट अंजिरी लुगड्याच्या तुकड्यावर, जाड काळ्या मार्करनं लिहिलेलं होतं: ‘बेड ७’.

लिहिणाऱ्याची चूक नव्हती. तीस माणसांची अंथरुणं-पांघरुणं एकाच मशीनमध्ये धुतली जातात, खूण केली नाही तर कुणाचं काय ते कळणार कसं? मला तसं काही वाटलंही नाही. पण पहिल्या रात्री आईनं गोधडी पायाशी लोटून दिली आणि म्हणाली, “मला त्या नंबराखाली झोपायचं नाही. हे घालव आधी.”

तिथून ही शोधाशोध सुरू झाली. डाग काढायला बसले आणि हळूहळू लक्षात आलं, की आपल्याकडे कापडावरचा डाग कसा जाईल यापेक्षा तो कसा जाणार नाही, यावर जास्त डोकं चालवलं गेलेलं आहे.

*

आधी घरगुती उपाय. शेजारच्या काकूंनी लिंबू-मीठ सांगितलं. वहिनीनं कोमट दूध सांगितलं. मावशी म्हणाली, “गरम पाण्यात सोडा घालून भिजव.” त्यातलं शेवटचं मी केलं नाही, हे माझं नशीब.

हे उपाय खोटे नाहीत, फक्त ते दुसऱ्या शाईचे आहेत. दौत-टाकाच्या काळातल्या बऱ्याच शाया लोखंडाच्या क्षारापासून बनत. कागदावर वा कापडावर त्या हवेनं काळ्या पडत. लिंबातलं आम्ल लोखंडाला धरून सोडवून आणतं, म्हणून त्या डागावर लिंबू-मीठ खरोखर चालतं, गंजाच्या डागावरही चालतं. मार्करमध्ये लोखंडच नाही. त्यात रंग, कापडाला चिकटणारी राळ आणि ती पातळ ठेवणारं अल्कोहोल असतं. लिहिलं की अल्कोहोल उडून जातं आणि राळेत अडकलेला रंग धाग्यावर बसतो. त्याला पाण्याशी देणंघेणं नाही. जे उडून गेलं तेच परत द्यावं लागतं, म्हणजे अल्कोहोल.

शिवणकामात आखणीसाठी मिळणारी पेनं पुन्हा वेगळी. निळं पेन थंड पाण्यानं जातं. पण त्यावर आधी इस्त्री फिरली किंवा साबण-सोडा लागला तर तोच निळा रंग तपकिरी होऊन कायमचा बसू शकतो. जांभळं पेन हवेनं एक-दोन दिवसांत आपोआप फिकं होतं. उष्णतेनं जाणारी एक जपानी शाई आहे. ती इस्त्री फिरवली की दिसेनाशी होते आणि कडाक्याच्या थंडीत पुन्हा उमटते. म्हणजे ती जात नाही, लपते. त्यामुळे डाग दिसला की पहिला प्रश्न ‘काय लावू’ हा नसून ‘ही शाई कोणती’ हा असतो. आणि उत्तर मिळेपर्यंत गरम पाणी, इस्त्री, ऊन आणि ब्लीच हे चारही लांब ठेवायचे.

मी सॅनिटायझर लावला. त्यातही अल्कोहोलच असतं ना! पाच मिनिटांत ‘७’ फिका झाला आणि त्याच्याभोवती रुपयाएवढं जांभळं वर्तुळ तयार झालं. काळा रंग एकटा नसतो, त्यात निळा-जांभळा मिसळलेला असतो आणि अल्कोहोल तो सगळा मोकळा करून पसरवतं. त्याहून वाईट म्हणजे गोधडी हे एक कापड नसतं. आमच्या गोधडीत पाच थर आहेत. वरून सुटलेला रंग खालच्या थरात मुरत होता. हे थांबवायचं तर थर वेगळे करून डागाखाली कोरडं फडकं सरकवायला हवं होतं, म्हणजे आजीचा धावदोरा उसवायला हवा होता.

ते धाडस होईना. गोधडी तशीच घडी करून ठेवली आणि मी वाचत बसले.

*

मार्कर यायच्या आधी कपड्यांवर नावं कशानं घालत? आपल्याकडचं उत्तर प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे, पण या रूपात नाही. ते उत्तर म्हणजे बिब्बा.

बिब्बा आपण शनिवारी लिंबू-मिरचीच्या माळेत पाहतो. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तो बिब्बा, टाचेच्या भेगेला ज्याचा चटका देत तो बिब्बा, आणि दुसऱ्याच्या जमलेल्या कामात घालतात तोही बिब्बाच. त्याच्या आतल्या बिया, म्हणजे गोडंबी, डिंकाच्या लाडवात आपण आवडीनं खातो. संस्कृतात त्याला भल्लातक म्हणतात आणि चरकसंहितेत त्याची रसायनं सांगितली आहेत. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात त्याचं देशी नाव ‘बिबो’ असं आलं आहे. कोकणी माणूस आजही तेच म्हणेल.

अरबी वैद्यकात याला ‘बलाधुर’ म्हणत आणि स्मरणशक्तीसाठी देत. नवव्या शतकातला बगदादचा इतिहासकार अल-बलाधुरी याच्या नावामागे हेच फळ आहे. त्याच्या घराण्यात कुणीतरी स्मृती वाढावी म्हणून ते अति घेतलं आणि त्याला वेड लागलं, अशी आख्यायिका सांगतात. आठवण पक्की करायच्या नादात माणूस हरवला!

युरोपीय वनस्पतिशास्त्रानं या झाडाचं नाव ठेवलं सेमेकार्पस अॅनाकार्डियम. ग्रीकमध्ये ‘सेमेइऑन’ म्हणजे खूण आणि ‘कार्पोस’ म्हणजे फळ. खुणेचं फळ. हे नाव ग्रंथातून आलेलं नाही, घाटावरून आलेलं आहे. इंग्रजीत तर याला सरळ ‘धोबी नट’ असंच म्हणत.

रीत साधी होती. बिब्ब्याच्या सालीत सुई किंवा काडी टोचायची. आतून तपकिरी, चिकट तेल येतं. त्यानं कपड्याच्या आतल्या बाजूला, कॉलरीशी किंवा काठाशी, खूण करायची आणि वर चुना लावायचा. चुन्यानं आणि हवेनं ती खूण काळी होते. मग भट्टी असो, सज्जीखार असो, दगडावरचा आपट असो, ती जात नाही. १९३१ साली पिल्ले आणि सलीमुझ्झमाँ सिद्दिकी यांनी या तेलातला मुख्य पदार्थ वेगळा केला, त्याचं नाव भिलावानॉल. जपानी लाखकामातली लाख ज्या जातीच्या द्रव्यांपासून होते, त्याच जातीचं हे. हवेतला प्राणवायू लागला की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. म्हणजे बिब्ब्याची खूण हा नुसता रंग नाही, धाग्यावर बसवलेलं ते एक सूक्ष्म लाखकाम आहे.

आणि तो उततो. तेल कातडीला लागलं तर फोड येतात. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर खाजऱ्या चट्ट्यांची साथ दिसू लागली. चट्टा नेमका तिथेच, जिथे सदऱ्याच्या कॉलरीवर धोब्याची खूण असे. १९४३ साली लष्करी डॉक्टरांनी त्यावर अमेरिकन वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात लेख लिहिला. आजाराचं नावच ‘धोबी मार्क डर्मटायटिस’. ‘धोबी इच’ म्हणतात ते वेगळं, ती बुरशी. या चट्ट्यांना मात्र आपला बिब्बाच कारण होता.

*

गावगाड्यात परीट हा बलुतेदार. चार घरांचे कपडे तो नुसत्या नजरेनं ओळखणार. खुणेची गरज वाढते ती शहरात, आणि त्याहून जास्त लष्करात, जिथे शेकडो माणसांचे कपडे एकाच रंगाचे आणि एकाच मापाचे असतात. पेशवाई गेल्यावर पुण्याशेजारी इंग्रजांची छावणी वसली. गोळीबार मैदानाजवळचा धोबी घाट आजही लष्कर भागात आहे. एकीकडे पेठांमधली धोतरं-लुगडी, दुसरीकडे छावणीतले गणवेश, आणि सगळ्याची परीटघडी त्या त्या घरी बिनचूक पोचवायची.

या खुणांची एक लिपीच होती. ठिपके, रेघा, फुल्या, कोन. तीन ठिपके म्हणजे अमुक वाडा, ठिपक्यांखाली आडवी रेघ म्हणजे त्याच वाड्यातलं माडीवरचं बिऱ्हाड. अक्षरओळख नसलेल्या माणसांनी दुसऱ्यांची नावं लिहायला तयार केलेली ही लिपी. ज्या शहरानं व्याकरणं, कोश आणि बखरी छापल्या त्या शहरानं ही लिपी मात्र कुठे उतरवून ठेवावी अशी समजली नाही. ती आपल्याच कॉलरीच्या आत होती आणि आपण तिला डाग म्हणत होतो.

इंग्रजी शिकलेल्या घरांत पुढे ठिपक्यांच्या जागी आद्याक्षरं आली. अशा तीन अक्षरांचा इतिहास पुण्याशी कायमचा जोडला गेला आहे.

२० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला हाउसमध्ये गांधीजींच्या प्रार्थनासभेत स्फोट झाला. मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला, बाकीचे निसटले. त्यातले दोघे कनॉट प्लेसच्या मरीना हॉटेलात ४० नंबरच्या खोलीत ‘देशपांडे’ या आडनावानं उतरले होते. हॉटेलच्या धुलाईला दिलेले त्यांचे कपडे मागे राहिले. पोलिसांना मिळालेल्या त्या कपड्यांवर धुलाईची खूण होती: एन. व्ही. जी. खोलीच्या नोंदवहीतलं नाव खोटं होतं, कपड्यावरची खूण खरी होती. दुसरीकडे मदनलालच्या जबाबात एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. ‘अग्रणी’, म्हणजे नंतरचं ‘हिंदुराष्ट्र’, पुण्यातून निघे आणि त्याचा संपादक होता नथुराम विनायक गोडसे. हे नाव सरकारदरबारी वृत्तपत्रांच्या यादीत नोंदलेलं होतं.

जबाब आणि खूण शेजारी शेजारी ठेवायची होती, एवढंच. ते झालं नाही. पुण्याच्या सीआयडीचे डीआयजी यू. एच. राणा तेव्हा दिल्लीतच होते. मदनलालचा जबाब घेऊन ते २५ जानेवारीला निघाले ते रेल्वेनं, अलाहाबादच्या वाटेनं, आणि २७ तारखेला मुंबईत पोचले. ३० जानेवारीला जे झालं ते झालं. पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगानं १९६९ च्या अहवालात या दहा दिवसांचा हिशेब मांडला. त्यात मरीना हॉटेलातले हे कपडेही आहेत.

मला त्या अहवालातलं राजकारण इथे उगाळायचं नाही. पण धुलाईची खूण ही एका परटानं दुसऱ्या माणसासाठी केलेली प्रामाणिक नोंद असते. तिनं आपलं काम केलं होतं. पुण्यातल्या कुठल्याही लाँड्रीवाल्याला ही तीन अक्षरं कुणाची असं विचारायला फार तर एक दिवस लागला असता. तो एक दिवस कुणी दिला नाही.

*

मार्करची पाळी यायच्या आधी आणखी एक शाई होऊन गेली. युरोपात तागाच्या कपड्यांवर खूण करायला चांदीचा क्षार, म्हणजे सिल्व्हर नायट्रेट, वापरत. उजेडात त्याची बारीक काळी चांदी होऊन धाग्यात बसते. तो डाग काढायला आधी आयोडीन आणि मग फोटोग्राफरचं हायपो लागतं. तीच शाई आपल्याकडे १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून मतदारांच्या बोटांवर आली. पुढे महाराष्ट्रातल्या पालिका निवडणुकांत बाटलीच्या जागी मार्कर पेन आलं आणि ही शाई पुसता येते अशी ओरडही झाली. रसायनाच्या दृष्टीनं त्यात नवल नाही. चांदी कातडीशी बांधली जाते, मार्करची राळ फक्त चिकटून बसते. जे चिकटतं ते योग्य द्रव मिळाल्यावर सुटतंही.

म्हणजे माझ्या ‘बेड ७’ ला आशा होती.

मी मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून पाच बिब्बे आणले. दुकानदारानं दोनदा बजावलं, “ताई, हात नका लावू.” जुन्या चादरीच्या तुकड्यावर एका बाजूला बिब्ब्यानं तीन ठिपके काढून चुना लावला, दुसऱ्या बाजूला मार्करनं तीन ठिपके. दोन्ही आठवडाभर ठेवून रोज धुतलं. मग औषधांच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन दोन्हीला टिपलं. मार्कर निघाला, बिब्बा ढिम्म. ताज्या बिब्ब्याचं तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पण एकदा काळं झालं की नाही. हातमोजे घालूनही माझ्या मनगटावर एक फोड आला. आई म्हणाली, “उतला ना? आमच्या परटाची बोटं बघायला हवी होतीस. सालं गेलेली असायची.”

हे वाक्य ऐकून मी जरा थांबले. आपल्या सदऱ्यावर आपलं नाव कायम राहावं म्हणून कुणाची तरी बोटं जात होती, हे कुठल्या पुस्तकात मला मिळालं नव्हतं.

*

मग एका रविवारी दुपारी, आईला शेजारी बसवून, गोधडीचा कोपरा वीतभर उसवला. आजीचे टाके काठाला समांतर चौकोनात आत आत जातात. उसवताना कळतं, की ती दोरा मध्ये तोडत नसे, हात दुखेल तिथे थांबून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जात असे. टाक्यांची लांबी दर वीतभरानं जराशी बदलते.

वरचं लुगडं सुटलं, त्याखाली दुसरं लुगडं, आणि त्याखाली आजोबांचं धोतर. धोतराच्या काठाजवळ तीन काळे ठिपके आणि खाली एक आडवी रेघ.

आई बराच वेळ बघत राहिली. “शनिवार पेठेतली आपली खूण,” ती म्हणाली. “परीटमामा ठिपके करायचे आणि मी विचारायचे, माझ्या फ्रॉकवर का नाही? ते म्हणायचे, पोरी मोठ्या झाल्या की दुसऱ्या घरच्या होतात, तुझी खूण कशाला पक्की करू!”

ते थट्टेत म्हणाले असतील. आई हसत हसतच सांगत होती. मग म्हणाली, “पण हे धोतर बघ, घरच राहिलं नाही. वाडा पडला, आता तिथे बिल्डिंग आहे. खूण आहे आपली तशीच.”

डाग काढायची कृती आता सोपी होती, ती सांगून टाकते. थर वेगळे केले. डागाचं कापड उलटं करून खाली जुनं पांढरं फडकं ठेवलं. लुगड्याचा रंग जातो का, ते आधी एका कोपऱ्यात पाहिलं. मग कापसानं अल्कोहोल, डागाच्या कडेकडून मध्याकडे, घासायचं नाही, टिपायचं. फडक्यावर रंग उतरला की फडकं सरकवायचं. खिडकी उघडी, गॅस बंद. वीस-बावीस वेळा केलं. शेवटी थंड पाणी आणि चमचाभर सौम्य साबण, मग सावलीत वाळवणं. ब्लीच नाही, कारण साठ वर्षांच्या सुताला ते खाऊन टाकतं.

‘बेड’ पूर्ण गेलं. ‘७’ गेला नाही. सॅनिटायझरच्या पहिल्या शहाणपणात तो मुरला होता. फिकट जांभळी सावली उरली आहे आणि ज्याला माहीत आहे त्याला आकडाही दिसतो.

मी अजून काही करून बघते म्हटलं. आई म्हणाली, “आता पुरे. वर ठिगळ लाव.”

तेव्हा मला जाणवलं, की गोधडीचं शास्त्रच ते आहे. डाग पडला, फाटलं, विरलं, की गोधडीत काही काढत नाहीत, वरून एक थर चढवतात. आपल्याकडच्या गोधड्या, वाकळा, लेपटी सगळ्या अशाच जाड होत गेल्या. शेंडगावात परटाच्या घरी जन्मलेल्या डेबूजीला, म्हणजे गाडगेबाबांना, लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत ते अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रामुळे. ज्या जातीनं दुसऱ्यांचे डाग धुतले, तिच्यातला हा माणूस स्वतः ठिगळं पांघरून हातात खराटा घेऊन गाव झाडत फिरला. मळ काढायचा असतो आणि ठिगळ मिरवायचं असतं, हा फरक त्याला नीट कळला होता.

ठिगळ आईनंच निवडलं, तिच्या एका जुन्या सुती साडीचं. टाके तिनं घातले. बोटं थरथरतात, त्यामुळे ते आजीच्या टाक्यांपेक्षा मोठे आणि वाकडे आले आहेत. उसवलेली बाजू शिवताना धोतराचे ठिपके पुन्हा आत गेले.

शिवून झाल्यावर तिनं मला उरलेले बिब्बे कुठे ठेवलेत ते विचारलं. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, “माझ्या ठिगळाच्या आत तीन ठिपके आणि रेघ काढ. चुना लावायला विसरू नकोस.”

मी हातमोजे शोधायला उठले.